मागचं दार

यादी तशी साधीच.
वहीचं मधलं पान, त्यावर बावीस घरं,
घरापुढे दोन-दोन नंबर,
आणि पेन्सिलीनं ज्याचं त्याचं दुखणं:
भट्टी जुनी. गाडी सुरू होत नाही. बाळ सात आठवड्यांचं.
कुत्रा चावतो, पण आधी हुंगतो.

फेअरबँक्सच्या जानेवारीत, उणे चाळीसला,
रात्रभर उभ्या गाडीची चाकं चौकोनी होतात.
सकाळी ती ठेचकाळत निघते, म्हाताऱ्या घोड्यासारखी.
आणि नवरे नेमके तेव्हाच
कुठल्याशा वाळवंटात असतात, घामाघूम.
फोनवर विचारतात, 'तिकडे कसं काय?'
आपण म्हणतो, 'ठीक.'
हा शब्द आम्ही इतका वापरलाय
की त्याला आता ठिगळ लावायलाही जागा नाही.

सिनालेई आली सामोआहून, ऑक्टोबरात,
पायात उघड्या चपला.
बर्फ पाहून हसली,
मग तीन दिवस हसली नाही.
तो डिसेंबरात गेला.
तिचं नाव मी तेविसावं घातलं
आणि कोरिनला सांगितलं, सूप घेऊन जा.

कोरिन नवी. उत्साह उतू जाणारा.
पहिल्यांदाच जायचं म्हणून चांगले कपडे घातले तिनं:
लांब काळा कोट, काळे बूट, केस घट्ट बांधलेले.
गाडी रस्त्यावर नीट लावली,
पुढच्या दाराशी ताठ उभी राहिली,
आणि घंटी वाजवली.

दुपारचे चारच, पण इथे तेव्हा मिट्ट काळोख.
पडदा बोटभर सरकला. मिटला.
कोरिननं पुन्हा घंटी दाबली.
आतला टीव्ही बंद झाला, एवढंच.

अकरा मिनिटं.
सुपावर साय धरते आणि सायीवर बर्फ, तेवढी.
शेवटी रडकुंडीला येऊन तिनं मला फोन केला,
'घरात आहे ती, पण दार उघडत नाही.'
मी विचारलं, 'अंगावर काय आहे तुझ्या?'

मग सिनालेईला लावला.
पहिल्याच रिंगला उचलला तिनं. बोलली नाही.
म्हटलं, 'सूप आहे गं. नुसतं सूप.'
पलीकडे कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला.

कडीवर हात ठेवून उभी होती ती, नंतर सांगितलं तिनं.
हिशेब सोपा होता:
दार उघडत नाही तोवर तो आहे.

त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं,
पुढच्या दाराला हात लावायचा नाही.
मागून जायचं, कचऱ्याच्या डब्यांजवळून,
लांबूनच आपलं नाव ओरडत.
दोघांनी मिळून कधीच नाही.
अंगावर काहीतरी भडक हवं.
डेल्बर्ट, निवृत्त सार्जंट, आमचा भट्टीवाला,
तो तेव्हापासून नातीची गुलाबी गोंड्याची टोपी घालतो.
पांढऱ्या अंगणांतून तो ठिपका येतो,
'डेल्बर्ट! भट्टी! डेल्बर्ट!'
आणि आत कुणीतरी निवांत चहा ढवळत राहतं.

आता सिनालेईकडे सहा घरं आहेत.
जाड जाकिटावरून फुलाफुलांचं कापड गुंडाळून निघते,
चर्चमध्ये गाते त्या आवाजात स्वतःचं नाव पुकारत.
कोरिनकडे चार. काळा कोट तिनं कुणाला देऊन टाकला.

मला विचारतात, ही यादी सुरू कशी झाली.
मी सांगते, गरज होती.

खरं तर एकदा घंटी माझ्याकडे वाजली होती.
दोघं होते, कोवळे, टोप्या काखेत.
त्यांनी नाव घेतलं, ते माझं नव्हतं.
नंबरच्या पाटीवर बर्फ साचला होता, घर चुकलं होतं.
मी हात करून दाखवलं: पलीकडचं, जोव्हिटाचं.
दार लावलं.
आणि माझ्या पोटात जे उसळलं
तो आनंद होता.

त्या घरात आता दुसरेच लोक राहतात.
पाटीवरचा बर्फ मी रोज झाडते,
आधी त्यांच्या, मग आमच्या.